कांतार चालवून दाखवा: स्पॅनिशचं नियमित क्रियापद, सगळे काळ, सगळे अर्थ

शब्दखुळा (धागाकर्ता)

स्पॅनिश शिकणाऱ्याच्या हातात पहिल्याच महिन्यात रूपांचा भलामोठा तक्ता पडतो आणि तो पाढ्यासारखा घोकण्यात सगळा दम निघून जातो. तक्ता घोकायचा नसतो, उलगडायचा असतो. तो कसा उलगडतो यासाठी हा धागा.

नमुना म्हणून बहुतेक जण आब्लार (बोलणे) घेतात. इथे मुद्दाम कांतार (गाणे) घेतलं आहे. गोवेकरांना हा शब्द सांगायला नको: तियात्रातली (कोकणी नाटकातली) कांतारां पोर्तुगीज कांतारवरून आली, आणि पोर्तुगीज आणि स्पॅनिश कांतार सख्खी भावंडं, दोघांची आई लॅटिन.

लिहिण्याची सोय अशी: स्पॅनिशमध्ये ज्या स्वरावर तिरपी रेघ (टिल्डे) असते, त्या अक्षराच्या आधी ' ही खूण करतो. म्हणजे कांतो आणि कां'तो हे दोन वेगळे शब्द समजायचे. एरवी नियम साधा आहे. शब्द स्वर, न किंवा स यावर संपला तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, नाहीतर शेवटच्या अक्षरावर. टिल्डे दिसली की हा नियम बाजूला ठेवून जोर तिथे द्यायचा.

आता उलगडा. कां'ताबामोस (आम्ही गात असू) या रूपाचे चार तुकडे पडतात: कांत हा धातू, आ हा गटाचा स्वर (क्रियापदांचे आर, एर, इर असे तीन गट), बा ही काळाची खूण, मोस ही पुरुषाची खूण. पुरुषाच्या खुणा जवळजवळ सगळीकडे त्याच राहतात. तू म्हटलं की शेवटी स, आम्ही म्हटलं की मोस, स्पेनमधल्या 'तुम्ही'ला इस, ते म्हटलं की न. 'तो/ती'ला काहीच नाही. 'मी'लाही बहुतेकदा काही नाही, फक्त वर्तमानात ओ आणि भविष्यात ए. क्रम नेहमी मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते.

वर्तमान: कांतो, कांतास, कांता, कांतामोस, कां'ताइस, कांतान.
अपूर्ण भूत: कांताबा, कांताबास, कांताबा, कां'ताबामोस, कांताबाइस, कांताबान.
भविष्य: कांता'रे, कांता'रास, कांता'रा, कांतारेमोस, कांता'रेइस, कांता'रान.
संकेत: कांता'रिआ, कांता'रिआस, कांता'रिआ, कांता'रिआमोस, कांता'रिआइस, कांता'रिआन.

भविष्य आणि संकेत या दोन्हींत र का दिसतो? कारण तिथे प्रत्यय धातूला नव्हे, अख्ख्या कांतारला लागतो. लॅटिनमधल्या 'गायचं आहे मला' अशा रचनेतून हे भविष्य घडलं. म्हणून त्याचे प्रत्यय आणि आबेर या साहाय्यक क्रियापदाची रूपं (ए, आस, आ, एमोस, आन) कानाला सारखी लागतात. एक पाठ केलं की दुसरं फुकट.

घोळ घालतो तो पूर्ण भूत: कां'ते, कांतास्ते, कां'तो, कांतामोस, कांतास्तेइस, कांतारोन. इथे पुरुषाच्या खुणाच बदलतात, म्हणून हा एक काळ खरोखर पाठ करावा लागतो. बाकीचे बांधता येतात.

तिरपी_टिल्डे

छान सुरुवात. पण जोराबद्दल एक परिच्छेद पुरणार नाही. मराठीत जोर इकडेतिकडे सरकला तरी अर्थ हलत नाही, त्यामुळे आपला कान त्याकडे लक्षच देत नाही. स्पॅनिशमध्ये काय होतं पाहा:

कांतो म्हणजे मी गातो, कां'तो म्हणजे तो गायला.
कांते म्हणजे त्याने गावं, कां'ते म्हणजे मी गायलो.
कांतारा म्हणजे तो गायला तर (जर-तरमधला), कांता'रा म्हणजे तो गाईल. आणि जोर पहिल्या अक्षरावर ढकलून 'कांतारा केलंत, तर ती घागर होते.

बोलताना चूक झाली तर समोरचा संदर्भाने सावरून घेतो. लेखी परीक्षेत मात्र टिल्डे गळली की काळच बदलतो, तिथे ती शुद्धलेखनाची चूक उरत नाही.

आणखी एक: आ-गटाच्या अपूर्ण भूतात फक्त 'आम्ही'वर टिल्डे असते (कां'ताबामोस). ए आणि ई गटात मात्र सहाही रूपांवर असते, को'मिआ, को'मिआस, को'मिआमोस वगैरे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ही शेवटी एकदा तपासायची जागा.

पाणकोंबडा

उरलेले दोन गट टाकतो. कोमेर (खाणे) आणि बिबिर (राहणे, जगणे). लिहिताना व असला तरी उच्चार ब.

वर्तमान: कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, को'मेइस, कोमेन. बिबो, बिबेस, बिबे, बिबिमोस, बि'बिस, बिबेन.
फरक फक्त आम्ही आणि तुम्ही या दोन ठिकाणी. अपूर्ण भूत, पूर्ण भूत आणि विध्यर्थ या तिन्हींत दोन्ही गट शब्दशः एक.

पूर्ण भूत: को'मी, कोमिस्ते, को'म्यो, कोमिमोस, कोमिस्तेइस, कोम्येरोन.

कांतामोस आणि बिबिमोस ही रूपं वर्तमान आणि पूर्ण भूत दोन्हीत सारखी, तिथे 'काल', 'आज' असे शब्दच वाचवतात. कोमेरमध्ये हा गोंधळ नाही: कोमेमोस आज, कोमिमोस काल.

नेवाळी

एक शंका. बहुतेक टिपणांत 'गात होतो म्हणजे कांताबा, गायलो म्हणजे कां'ते' एवढंच असतं. तसंच लिहिलं तरी निम्मी वाक्यं चुकतात. का?

शब्दखुळा

कारण ती जोडी अर्धीच खरी आहे. कांताबाला मराठीतला जवळचा नातेवाईक 'गात होतो' इतकाच आपला रीतिभूतकाळ आहे: आजी पहाटे ओव्या गात असे, आम्ही सुट्टीत कोकणात जायचो. सवय, पार्श्वभूमी, चालू असलेली स्थिती या सगळ्यांना अपूर्ण भूत.

चुकतं ते इथे: 'काल मी तीन तास गात होतो.' मराठीत वाक्य बिनचूक आहे. स्पॅनिशमध्ये तीन तास म्हटलं की क्रियेला कुंपण पडलं, सुरुवात आणि शेवट दोन्ही ठरले. म्हणून आयेर कां'ते त्रेस ओरास. क्रिया किती वेळ चालली याला महत्त्व नाही, ती संपूर्ण म्हणून मांडली आहे की आतून, हे महत्त्वाचं. दहा वर्षं चाललेली गोष्टसुद्धा पूर्ण भूतात जाते: बिबि'ओ द्येस आन्योस एन लिमा, तो दहा वर्षं लिमात राहिला.

पाणकोंबडा

बि'ब्यो. दोन अक्षरी. को'म्यो लिहिलंय तसंच.

शब्दखुळा

बरोबर, चूक माझी. इओ नाही, य मिसळून.

साखरआंबा

आबेर लावून होणारे काळ कुणी सांगेल का? आणि 'मी सफरचंद खाल्लं आहे' यात सफरचंद (मान्साना) स्त्रीलिंगी म्हणून 'ए कोमिदा ला मान्साना' होईल ना?

तिरपी_टिल्डे

नाही, आणि ही खास आपली चूक आहे. मराठीत भूतकाळातलं क्रियापद कर्माच्या मागे जातं: मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं. हात आपोआप तिकडे वळतो. स्पॅनिशमध्ये आबेरबरोबरचं कृदन्त कधीही बदलत नाही. ए कोमिदो ला मान्साना, ए कोमिदो लास मान्सानास. कर्त्याचं लिंगही क्रियापदाला चिकटत नाही. तो गातो आणि ती गाते, दोन्ही कांता.

कृदन्त बदलतं ते एस्तार किंवा सेर (दोन्ही 'असणे') यांच्याबरोबर, कारण तिथे ते विशेषण होतं: ला प्वेर्ता ए'स्ता सेर्रादा, दार बंद आहे.

जोडकाळ करायला एकच साचा: आबेरचं रूप अधिक कांतादो. कोमेरचं कोमिदो, बिबिरचं बिबिदो.
ए कांतादो: गायलो आहे. आ'बिआ कांतादो: गायलो होतो. आ'ब्रे कांतादो: गायलेलो असेन. आ'ब्रिआ कांतादो: गायलो असतो. विध्यर्थात आया कांतादो आणि उब्येरा कांतादो. उबे कांतादो असंही एक आहे, ते जुन्या गद्यात भेटतं. वाचलं तर ओळखा, बोलू नका.

आबेर आणि कृदन्त यांच्या मध्ये काहीही घालायचं नाही. 'आधीच' या अर्थाचा या शब्द पुढे किंवा मागे: या ए कांतादो.

गल्लीतला_सर्व्हांतेस

ए कांतादो की कां'ते, हे देशावरही आहे. माद्रिदमध्ये आज सकाळची गोष्ट ए कांतादोने सांगतात, मेक्सिको किंवा अर्जेंटिनात त्याच जागी सहसा कां'ते. स्पेनमध्येसुद्धा गालिसिया आणि आस्तुरियासकडे पूर्ण भूताकडेच कल. तेव्हा एका शिक्षकाने बरोबर दिलेलं वाक्य दुसऱ्याने लाल केलं तर दोघंही आपापल्या जागी ठीक असू शकतात.

नावांचाही घोळ आहे. तोच कांताबा स्पेनच्या पुस्तकात प्रेतेरितो इम्पेर्फेक्तो आणि मेक्सिकोच्या पुस्तकात कोप्रेतेरितो. ही दुसरी नावं आंद्रेस बेल्यो यांनी 1847 सालच्या आपल्या व्याकरणात रुजवली. नाव न बघता रूप बघा, म्हणजे दोन पुस्तकं जुळतील.

नेवाळी

आता विध्यर्थ. सगळे तिथेच अडतात.

शब्दखुळा

रूप सोपं, वापर अवघड. आधी रूप.

वर्तमान विध्यर्थात स्वरांची अदलाबदल होते. आ-गटाला ए, बाकी दोघांना आ. कांते, कांतेस, कांते, कांतेमोस, कां'तेइस, कांतेन. कोमा, कोमास, कोमा, कोमामोस, को'माइस, कोमान. बिबिर कोमेरसारखंच. पाया 'मी'च्या वर्तमान रूपाचा घ्यायचा, ही सवय पुढे अनियमित क्रियापदांतही उपयोगी पडते.

भूत विध्यर्थासाठी पूर्ण भूतातलं 'ते'चं रूप घ्या आणि शेवटचं रोन काढून रा लावा. कांतारोन, म्हणून कांतारा, कांतारास, कांतारा, कां'तारामोस, कांताराइस, कांतारान. कोम्येरोन, म्हणून कोम्येरा. या नियमाला अपवाद नाही, अगदी वेडीवाकडी क्रियापदंसुद्धा पाळतात. म्हणून 'ते'चं पूर्ण भूत चोख हवं.

राच्या जागी से असलेली दुसरी रांगही आहे (कांतासे, कांतासेस). अर्थ तोच. वाचताना ओळखली की पुरे.

वापराचं म्हणाल तर आपल्या वाख्याताकडे (गावं, जावं ही रूपं) बघा. 'तू गावंस असं मला वाटतं': क्येरो के कांतेस. इच्छा, विनंती, सल्ला, शंका, भावना, आणि मधे के ('की') आलं, दोन्हीकडचे कर्ते वेगळे असले की विध्यर्थ. कर्ता एकच असेल तर के नाहीच: क्येरो कांतार, मला गायचंय.

'मला वाटतं तो गातो' हे क्रेओ के कांता, साधा स्वार्थ (नुसतं विधान करणारं रूप). 'मला नाही वाटत तो गात असेल' हे नो क्रेओ के कांते. नकार आला की बाजू पालटते.

गल्लीतला_सर्व्हांतेस

आणि क्वांदो ('जेव्हा'). घडून गेलेल्या किंवा नेहमीच्या गोष्टीला स्वार्थ, अजून व्हायच्या गोष्टीला विध्यर्थ. क्वांदो कांतास, मे दु'एर्मो म्हणजे तू गातेस तेव्हा मला झोप लागते, दर वेळी. क्वांदो कांतेस म्हणजे तू पुढे कधी गाशील तेव्हा. क्वांदो कांता'रास हे 'गाशील तेव्हा'चं शब्दशः रूपांतर, आणि चूक.

तिरपी_टिल्डे

द्वेर्मोवर टिल्डे नाही. दोर्मिर नियमितही नाही, नवशिक्यांनी नमुना म्हणून घेऊ नये :)

जर-तरबद्दल मी लिहिते, कारण तिथे मराठी दोनदा दगा देते.

पहिला दगा: 'तू गायलास तर मी ऐकेन.' आपण भविष्यासाठी भूतकाळाचं रूप वापरतो आणि मग सि ('जर') कांतास्ते असं लिहितो. स्पॅनिशला तिथे वर्तमान हवा: सि कांतास, ते एस्कुचा'रे. सिच्या मागे वर्तमान विध्यर्थही नाही आणि भविष्यही नाही.

दुसरा: 'तू गायली असतीस तर मी ऐकलं असतं.' मराठीत दोन्हीकडे एकच 'असतं'. स्पॅनिशमध्ये दोन वेगळे साचे. सिच्या बाजूला भूत विध्यर्थ, उत्तराच्या बाजूला संकेत. सि कांतारास, ते एस्कुचा'रिआ (गायलीस तर ऐकेन बापडा, पण तू कसली गातेस). सि उब्येरास कांतादो, ते आ'ब्रिआ एस्कुचादो (झालं गेलं). उत्तराच्या बाजूला आ'ब्रिआऐवजी उब्येरा चालतं. सिच्या बाजूला रिआ मात्र चालत नाही. उत्तर स्पेनमध्ये, बास्क प्रदेश, ला रिओखा आणि बुर्गोसच्या आसपास, लोक बोलताना ते सर्रास लावतात, पण प्रमाण भाषेत ती चूकच.

साखरआंबा

भविष्य विध्यर्थ असंही काही असतं ना?

गल्लीतला_सर्व्हांतेस

कांतारे, कांतारेस वगैरे. आज ते कायद्याच्या मसुद्यांत आणि म्हणींत उरलंय. आदोंदे फ्वेरेस, आस लो के ब्येरेस: जिथे जाशील तिथे जे पाहशील ते कर. आपलं जसा देश तसा वेश. पोर्तुगीजमध्ये मात्र हा काळ रोजच्या बोलण्यात जिवंत आहे, त्यामुळे गोव्यात ज्यांच्या घरी पोर्तुगीज आहे ते लोक स्पॅनिश बोलताना तो नकळत वापरतात. तिथे सिनंतर साधा वर्तमान घ्या.

पाणकोंबडा

आज्ञार्थ राहिला. 'तू'ला कांता, कोमे, बिबे. म्हणजे 'तो'चंच वर्तमान रूप. स्पेनमधल्या अनेकवचनाला कांताद, कोमेद, बिबिद. बाकी सगळं विध्यर्थातून उसनं: उस्तेदला (आदरार्थी 'आपण') कांते, उस्तेदेसना (त्याचं अनेकवचन) कांतेन, चला गाऊया म्हणायला कांतेमोस. नकार आला की 'तू'लाही विध्यर्थ: नो कांतेस. गा, पण गाऊ नकोस. नकारात आपलंही रूप बदलतंच, तेव्हा यात नवल नको.

सर्वनाम होकारात मागे चिकटतं, नकारात पुढे जातं. 'कांतालो (ते गा), नो लो कांतेस. चिकटल्यावर अक्षर वाढतं, जोर मूळ जागी ठेवायला टिल्डे द्यावी लागते. लेबांतेमोसला नोस लावताना स गळतो: लेबां'तेमोनोस.

अर्जेंटिनात तूऐवजी बोस: बोस कां'तास, आज्ञार्थ कां'ता. बाकी काळ तूसारखेच.

नेवाळी

उस्तेद म्हणजे 'आपण' असं धरून तूची रूपं लावली जातात, ते का चूक?

शब्दखुळा

उस्तेद हे 'बुएस्त्रा मेर्सेद', आपली कृपा, याचं झिजलेलं रूप. कृपा तृतीय पुरुषी, म्हणून क्रियापदही तृतीय पुरुषी: उस्तेद कांता. दुकानदार 'बाईसाहेब काय घेतील?' म्हणतो, तोच प्रकार. लॅटिन अमेरिकेत कां'ताइसची सगळी रांग बोलण्यात नाहीच. मित्रांनाही उस्तेदेस कांतान. स्पेनला जायचं नसेल तर ती रांग ओळखण्यापुरती ठेवा, सहाचं ओझं पाचवर येतं.

भविष्याबद्दल राहिलं होतं. बोलताना लोक बहुधा बोय आ कांतार म्हणतात. कांता'रेचा दुसरा उपयोग अंदाजाचा, अगदी आपल्या 'असेल'सारखा: एस्ता'रा कांतांदो, गात असेल आत्ता. आणि 'उद्या मी गातोय' याला एस्तोय कांतांदो करू नका, मान्याना कांतो.

तिरपी_टिल्डे

सराव कसा करावा, यावर माझं मत. तक्ता आडवा म्हणू नका. आडवा म्हटला की 'ते'चं रूप हवं असलं तरी 'मी'पासून गाडी सुरू करावी लागते, बेसातं सांगायला बे एकं बे म्हणावं तशी. उभा म्हणा: एक पुरुष, सगळे काळ. कांतास, कांताबास, कांतास्ते, कांता'रास, कांता'रिआस, कांतेस, कांतारास. कांतास्तेला शेवटी स नाही हे तिथेच कानाला खटकतं. कांतास्तेस असं स्पॅनिश लोकही म्हणतात, पण लिहिताना ते चूक.

नमुन्याला घ्यायची क्रियापदं: कोम्प्रार, त्राबाखार, कामिनार, बेबेर, बेंदेर, कोर्रेर, सुबिर, पार्तिर, रेसिबिर. एस्क्रिबिर आणि आब्रिर यांचं फक्त कृदन्त बिघडतं, एस्क्रितो आणि आब्येर्तो. पागार, बुस्कार, क्रुसार कानाला नियमितच, पण ए समोर आला की रोमन लिपीत अक्षर बदलावं लागतं: ग पुढे एक मुका उ येतो, क साठी सी जाऊन क्यू-उ येतात, झेडच्या जागी सी. देवनागरीत पा'गे, बुस'के, क्रु'से लिहिलं की हा नियम दिसतच नाही. तेवढ्यासाठी वहीत रोमनच वापरा.

शब्दखुळा

पाच वाक्यं देतो, करून टाका.
1. लहानपणी आम्ही रोज गायचो.
2. काल ती दोन तास गायली.
3. तू गाशील तेव्हा मी गप्प बसेन.
4. तू गायली असतीस तर आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या.
5. मुलांनो, गाऊ नका. (मेक्सिकोत)

साखरआंबा

1. दे निन्योस कां'ताबामोस तोदोस लोस 'दिआस.
2. आयेर कां'तो दोस ओरास.
3. क्वांदो कांतेस, मे काया'रे.
4. सि आ'ब्रिआस कांतादो, आ'ब्रिआमोस आप्लाउदिदो.
5. निन्योस, नो कांतान.

तिरपी_टिल्डे

पहिली तीन चोख. चौथ्यात सिच्या बाजूला उब्येरास, उत्तरातलं आ'ब्रिआमोस बरोबर. पाचव्यात स्वर पालटायचा राहिला: नो कांतेन. नो कांतान म्हणजे 'ती गात नाहीत', आणि मग मुलं गातच राहतील.